डांबर टाकलं आणि म्हणे वाट लावली

"सुरगाण्याच्या पलीकडचा तो रस्ता आठवतो? गेला. डांबर टाकून पार वाट लावली त्याची." हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी निदान चार वेगवेगळ्या बाइकवाल्यांच्या तोंडून ऐकलंय. तपशील बदलतो. कुणाचा रस्ता पेठेकडचा असतो, कुणाचा हरसूलकडचा, पण हळहळ तीच. पूर्वी कशी मस्त दगडमाती होती, चाक कसं घसरायचं, ओढ्यातून गाडी कशी काढावी लागायची, आणि आता बघा... गुळगुळीत! जणू कुणी यांच्या घरचं देऊळ पाडलं.

गंमत अशी की हीच मंडळी त्याच गुळगुळीत रस्त्यावर पुढच्या रविवारी ऐंशीने गाडी हाणतात, आणि वळणावर गुडघा जमिनीला किती जवळ गेला त्याचं रील टाकतात. म्हणजे रस्ता वाईट असला तर तो यांचा आखाडा, चांगला झाला तर यांची शर्यतीची पट्टी. दोन्ही वेळा तो यांचाच. ज्यांच्या दारातून तो जातो त्यांचा विषयच नाही.

मला या विषयावर भांडायचंय. बाइकवर बसून डोंगरात जाणं मला मनापासून आवडतं, म्हणूनच भांडायचंय. (नातेवाईक मंडळींनी इथे लगेच "तरी आम्ही सांगत होतो" असं म्हणू नये. तुमच्याकडे शेवटी येतो.)

पहिलं भांडण 'आडवाट' या शब्दाशी. हा शब्द आपण फार लाडाने वापरतो. आडवाटेवरचा महाराष्ट्र, आडवाटेची भटकंती वगैरे. पण आड म्हणजे कशाच्या आड? मुंबई-आग्रा महामार्गावरून बघितलं तर बाऱ्हे आडवाटेला आहे. बाऱ्ह्याच्या माणसाला तोच रस्ता दवाखान्याचा, बाजाराचा, शाळेचा आणि तहसील कचेरीचा. त्याच्याकडे दुसरा महामार्ग नाही, ज्याच्या मानाने याला 'आड' म्हणावं. आपण ओझरचे लोक महामार्गाकाठी राहतो. गावातून भरधाव जाणाऱ्या परक्या गाड्या कशा वाटतात, हे निदान आपल्याला कुणी शिकवायची गरज पडू नये.

हे रस्ते झाले कसे तेही जरा बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सपाटीवर पाचशे वस्तीच्या गावाला रस्ता द्यायचा, आणि डोंगरी व आदिवासी भागात अडीचशे वस्तीलाही, असा तिचा नियम होता. सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, त्यामुळे इथे अडीचशेचा हिशोब. आपण ज्या वळणावळणाच्या अरुंद पट्ट्यांवर भाळतो, त्यांतल्या कितीतरी अशा एखाद्या पाड्यासाठी टाकलेल्या आहेत. डांबराची रुंदी साधारण पावणेचार मीटर. एक एसटी आली की समोरच्याने मातीत उतरायचं, एवढीच.

आता खरी मेख. ग्रामीण रस्त्यांचे जे अभियांत्रिकी मानक आहेत, त्यांत डोंगराळ भागासाठी रस्ता आखताना धरायचा वेग ताशी २५ किलोमीटर आहे. नाइलाज असेल तर २० सुद्धा चालतो. पंचवीस! वळणं त्या हिशोबाने वळवलेली असतात, पुढचं किती दिसावं तेही त्याच हिशोबाने ठरतं. पंचवीसच्या वेगाला समोर २५ मीटर दिसलं तरी गाडी थांबवता येते. साठच्या वेगाला तेच मानक ८० मीटर मागतं. वळणापलीकडे पंचवीस मीटरवर एखादी म्हैस उभी असेल आणि तुम्ही साठवर असाल, तर उरलेले पंचावन्न मीटर आणायचे कुठून? म्हशीतून? तिथे तुमचं एबीएस, तुमचे दोन हजारांचे हातमोजे आणि यूट्यूबवर बघितलेलं वळण घ्यायचं तंत्र, यांतलं काहीही कामाला येत नाही. अंतरच शिल्लक नसतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी एकटाच निघालो होतो. ओझर, पिंपळगाव, वणी, नांदुरी, अभोणा, कनाशी, तिथून हतगडकडे, मग बोरगाव, सुरगाणा. परत येताना बाऱ्हे, ननाशी, उमराळे, दिंडोरी, जानोरी करत घरी. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सहाला परत, गाडीच्या काट्यावर २१५ किलोमीटर. बारा तासांत! सरासरी काढली तर तासाला अठरा. सायकलवालेसुद्धा हसतील. हसू देत. गाडी सव्वाशे सीसीची, तिलाही त्या दिवशी फार काम पडलं नाही.

पिंपळगावपर्यंत द्राक्षबागांवर धुकं होतं, बोटं बधिर झाली होती, वणीत दोन चहा घेतल्यावर ती हलायला लागली. नांदुरी गेल्यावर ऊन आलं. अभोण्याच्या पुढे मात्र एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरत राहिली. या डोंगरगावांत सपाट जागा म्हणून जी काही असते, ती म्हणजे रस्ता. घरं उतारावर, शेतं उतारावर, अंगण असलं तर चार पावलांचं. मग खुरासणी वाळत घालायची डांबरावर. म्हाताऱ्याने उन्हाला बसायचं डांबराच्या कडेला. पोरांचं क्रिकेट तर डांबरावरच, कारण उतारावर चेंडू मारला की तो थेट ओढ्यात. एका पाड्याजवळ पोरांनी मला बघून विटा उचलल्या, मी पुढे गेलो, त्यांनी पुन्हा विटा मांडल्या. मोटारगाडी आली की खेळ थांबवायचा, हे त्यांना सवयीने येतं. पण त्यासाठी आवाज ऐकल्यापासून गाडी येईपर्यंत आठ-दहा सेकंद मिळायला हवेत. ऐंशीवाला ती सेकंदं त्यांना देत नाही.

बोरगावच्या पुढे एका टपरीवर थांबलो. टपरीवाले मामा साठीचे असतील. माझ्या हेल्मेटकडे आणि मागे बांधलेल्या पिशवीकडे बघत त्यांनी विचारलं, "कुठलं हो तुम्ही?"

"ओझर."

"मिगचं का?" (आमची ओळख ही अशी. गावाचं नाव मागे, विमान पुढे.)

"हो, तिथलाच."

"मघा त्या बारा गाड्या गेल्या, त्या तुमच्याच का?"

"नाही हो मामा, मी एकटाच."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी मला चहा दिला. त्यानंतर थोड्या वेळाने, मी न विचारताच, दिवाळीच्या सुमाराची गोष्ट सांगितली. अशाच एका ताफ्यातल्या गाडीखाली त्यांची शेळी आली. पोरं थांबली, पाच हजार दिले, हातही जोडले. "पैशाचं काही नाही, दिले त्यांनी. पण शेळीची दोरी नातीच्या हातात होती." एवढंच बोलले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. मीही पुढे काही विचारलं नाही.

त्या ताफ्यातली पोरं वाईट नव्हती हे मला मान्य आहे. थांबली, पैसे दिले. पण बारा जणांच्या ताफ्याचा एक स्वभाव असतो, तो एकेकट्याचा नसतो. पुढचा वळणापलीकडे गेला की मागच्याला त्याला गाठायचं असतं. मागच्याला गाठायचं म्हणून त्याच्या मागच्याला. बाराव्याने काय वेगात यायचं हे पहिल्याने ठरवलेलं असतं, आणि बाराव्याला गावकरी दिसतच नाही, त्याला फक्त अकराव्याचा मागचा दिवा दिसतो. चौघांपेक्षा जास्त जणांनी या रस्त्यांवर एकत्र जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही म्हणाल हा आगाऊपणा आहे. असेल.

आणि आवाज! गाडीचा मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवायचा, ही आता ताफ्यात शिरायची फीच झाली आहे. ओझरच्या माणसाला कुणी आवाजाचं कौतुक सांगू नये. १९६४ मध्ये इथे मिगचा कारखाना आला, तेव्हापासून आमच्या पिढ्या विमानांच्या गडगडाटाखाली शिकल्या. वर्गात बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या, विमान गेलं की क्रियापद पूर्ण करायच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, आणि पुढच्याच महिन्यात इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क १ए उडालं. तो आवाज कशासाठी होता, हे आम्हा पोरांनाही कळत होतं. रविवारी सकाळी साडेआठ वाजता कनाशीतून जाताना एखाद्या गृहस्थाच्या साडेतीनशे सीसीने केलेला आवाज कशासाठी असतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. कायद्याने पावणेदोनशे सीसीवरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे २०१९ पासून पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन बाद होऊ शकतं. पण बोरगावच्या घाटात डेसिबल मोजायला कोण उभं असतं?

इथे मला नेहमी २०१८ चा मार्च आठवतो. ६ मार्चला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला, मुंबईपर्यंत १८० किलोमीटर पायी. त्यातले किती जण याच सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी तालुक्यांतले होते. वनजमिनीचे पट्टे नावावर व्हावेत ही मुख्य मागणी. पायात तुटक्या चपला, काहींच्या त्याही नाहीत. ११ तारखेच्या रात्री ते सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ते अडले तर मुलांचे हाल होतील म्हणून हे लोक रात्रीतूनच उठून पुन्हा चालले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर जाऊन बसले. सहा दिवस चाललेले लोक! परक्या शहरातल्या, परक्यांच्या पोरांच्या परीक्षेसाठी. आणि आपण त्यांच्या गावी त्यांच्या पोरांच्या परीक्षांच्या दिवसांत, ऐन मार्चमध्ये फटाके फोडत जातो आणि परत येऊन लिहितो, "लोक फारच साधे आणि प्रेमळ आहेत."

आता डांबरावर हळहळणाऱ्यांकडे पुन्हा येतो, कारण माझा खरा राग तिथेच आहे. २०२२ च्या शेवटी सुरगाणा तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी उघडपणे सांगितलं, की आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या. कारण काय, तर पलीकडे रस्ते आहेत, पाणी आहे, दवाखाना आहे, इकडे काही नाही. महाराष्ट्र सोडायची भाषा करण्याइतका रस्ता महत्त्वाचा असतो! जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, एका गर्भवती बाईला रस्ता नाही म्हणून डोलीतून न्यावं लागलं, आणि ती वाचली नाही. दर पावसाळ्यात अशी एखादी बातमी येते, आपण ती वाचून चुकचुकतो. आणि मग त्याच डोंगरातल्या रस्त्यावर डांबर पडलं की "वाट लावली"? तुमचं चाक चिखलात घसरण्याची मजा टिकावी म्हणून कुणीतरी डोलीत मरायचं का? शब्द कडक आहेत, मला माहीत आहे. सौम्य शब्द शोधले, सापडले नाहीत.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. आम्ही गेल्यामुळे गावाला चार पैसे मिळतात. कुठे मिळतात? ताफा नाश्ता करतो महामार्गावरच्या झगमगीत हॉटेलात, कारण तिथे बारा गाड्या एका ओळीत लावून फोटो निघतो. दुपारचं जेवण सापुताऱ्यात, म्हणजे गुजरातेत. मधल्या साठ किलोमीटरमध्ये गावाच्या वाट्याला येतात चिप्सची रिकामी पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. हतगडच्या आसपास थंडीत रस्त्याच्या कडेला बाया स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन बसलेल्या असतात. बाइकवर पेटी न्यायची कुठे, म्हणून आम्ही फक्त फोटो काढतो आणि एखादी चाखून बघतो. मी त्या रविवारी दोन डबे पिशवीत कपड्यांच्या मध्ये ठेवून आणले, थोड्या चेपल्या, घरी मुरंबा झाला. सुरगाण्यात विचारलंत तर नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं मिळतं, अर्धा तास थांबावं लागतं एवढंच. हा अर्धा तास ताफ्याकडे नसतो.

दुसरं उत्तर जास्त चलाख आहे. आम्ही वह्या वाटतो, ब्लँकेटं वाटतो. बाइक रॅली काढून पाड्यावर जायचं, पोरांना रांगेत उभं करायचं, प्रत्येकाच्या हातात वही द्यायची, वही धरून फोटो. वही द्यायला माझी ना नाही. पण वही शाळेच्या मास्तरांकडे देऊन येता येते, फोटोशिवाय. आणि ज्या रस्त्यावरून ती पोरं रोज चालत शाळेत जातात, त्या रस्त्यावर तुमची गाडी तिसाच्या आत ठेवणं, ही त्यांना देता येईल अशी जास्त मोठी वस्तू आहे. तिचा फोटो निघत नाही, हीच तिची अडचण.

आकडे बघायचेत? २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ४४.५ टक्के. हा आकडा आपण बाइकवाले एकमेकांना सांगतो आणि हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे पॅड यांच्यावर चर्चा करतो. करायलाच हवी. पण त्याच यादीत खाली १९.५ टक्के पायी चालणारे आहेत, जवळपास तेहेतीस हजार. त्यांना जॅकेट नाही. मोळी डोक्यावर घेतलेल्या बाईला तर मान वळवून मागेही बघता येत नाही. आणि अशा ठिकाणी कुणाला लागलं तर १०८ ला फोन करायचा म्हटलं तरी दरीत मोबाइलला रेंज नसते. नाशिकचं मोठं रुग्णालय तिथून दोन-अडीच तासांवर. शहरात पाय मोडला तर पाय मोडतो. तिथे तोच पाय जन्मभराचा जातो, आणि त्याच्याबरोबर त्या वर्षाची शेतीही.

एक साधा नियम तर बहुतेकांना ठाऊकही नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. हा शिष्टाचार नाही, वाहन चालवण्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. भरलेली जीप चढाला थांबली तर तिला पुन्हा उचलणं किती जड जातं, हे तिच्या चालकाला विचारा. पण उतारावरून येणारा बाइकवाला हेडलाइट मारत मारत घुसतो आणि जीपच मागे घेते, कारण तिच्यात बारा-पंधरा माणसं आहेत आणि चालकाला भांडण नको असतं.

आता नातेवाईक. काका, तुमचं म्हणणं असं की घाट धोक्याचे, बाइक त्याहून धोक्याची, गाडी घे आणि चारचाकीने जा. घाट धोक्याचे आहेत हे खोटं नाही. जानेवारी २००८ मध्ये सप्तशृंगी गडावरून उतरणारी बस दरीत गेली आणि चाळीसहून जास्त भाविक गेले, जुलै २०२३ मध्ये त्याच घाटात एसटी कोसळली. पण त्या चारचाकीच होत्या ना! पावणेचार मीटरच्या रस्त्यावर तुमची रुंद गाडी बाइकपेक्षा जास्त जागा अडवते, आणि काच वर असल्यामुळे तुम्हाला बैलाच्या गळ्यातली घंटाही ऐकू येत नाही. चैत्रात खानदेशातून गडावर पायी येणारे हजारो लोक याच रस्त्यांच्या कडेने रात्रभर चालतात, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या दिंड्या चालतात. त्यांना विचारलंत तर ते म्हणतील, दोन्ही सारखेच, हळू जाणारा बरा.

तेव्हा मी बाइक सोडणार नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा निघतोय, या वेळी पेठ रस्त्याने, सावळघाट, करंजाळी, मग बाऱ्हे. तिघं आहोत, एकाची जागा आहे. सायलेन्सर कंपनीचाच हवा. दुपारी जिथे भूक लागेल तिथे जेवू, आणि भाकरी होईपर्यंत थांबायची तयारी हवी. घरी अंधार पडायच्या आत पोचू. निघायचं पहाटे साडेपाचला, आणि मावशी, हो, कानटोपी हेल्मेटच्या आत घालणार आहे.